पिंडापाशी काय बोलणार? पंचवटीतल्या एका देहदानाचं प्रकरण

दहाव्याला नाशिकच्या रामकुंडावर पिंड मांडून झाला की सगळे चार पावलं मागे सरतात आणि कावळ्याची वाट बघतात. पाच मिनिटं जातात, दहा जातात. कावळे समोरच्या कठड्यावर बसलेले असतात, पण खाली उतरत नाहीत. मग घरातलं कुणीतरी हात जोडून पुढे होतं आणि गेलेल्या माणसाला सांगू लागतं: नातीचं लग्न नीट करून देऊ, गावचं घर विकणार नाही, धाकट्याला अंतर देणार नाही. कावळा शिवला की माणूस समाधानाने गेला असं मानायचं. नाहीच शिवला तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि विधी पुढे नेतात.

या प्रथेवर विश्वास असो वा नसो, तिच्या पोटात एक गोष्ट पक्की आहे. गेलेल्या माणसाची इच्छा त्याच्याबरोबर जळून जात नाही, ती मागे राहिलेल्यांच्या अंगावर येते. देहदानावरून घरात वाद पेटतो तेव्हा एक बाजू शास्त्राचं नाव घेते, दुसरी विज्ञानाचं, आणि नेमकी हीच गोष्ट दोघांच्याही ध्यानात राहत नाही.

खालचं कुटुंब नमुन्याचं आहे. अशा घरांतून जे घडतं ते एका घरात आणून मांडलं आहे; ही कुणा एकाची हकिकत नाही.

घर आणि अर्ज

आजी ७८ वर्षांच्या. पंचवटीत जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर थोरल्या मुलाकडे राहायच्या. प्राथमिक शाळेत नोकरी, निवृत्त होऊन २० वर्षं झालेली. एकादशी चुकायची नाही. पाय चालत होते तोवर पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेलाही जायच्या. थोरल्याचं भद्रकालीत दुकान, धाकटा पुण्यात नोकरीला, मुलगी इंदिरानगरला. आजोबांचे दिवस रामकुंडावरच झाले होते आणि उपाध्यायांच्या चोपडीत त्यांचं नाव चढलेलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी आजींनी एका वैद्यकीय महाविद्यालयाचा देहदानाचा अर्ज भरला. साक्षीदार दोन: मुलगी, आणि शाळेतल्या एक सहकारी बाई. त्या बाई पुढे आजींच्या आधीच गेल्या. कार्ड आलं, ते लॅमिनेट करून कपाटाच्या लॉकरमध्ये मंगळसूत्राच्या डबीखाली ठेवलं गेलं. थोरल्याला सांगितलं नाही, कारण "त्याला लागेल." सुनेला सांगितलं नाही, कारण सुनेला सांगायचा प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी ठरली.

मधुमेह जुना. मरणाआधी दोन महिने आजी न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, वय आणि साखर बघून शस्त्रक्रिया टाळली गेली आणि त्या अंथरुणाला खिळल्या.

सकाळचे सात तास

चैत्रातली पहाट. ४:४० ला आजी गेल्या. सून जवळच होती, तुळशीचं पान आणि गंगेचं पाणी तोंडात गेलं. आजींना खाली घेतलं, दक्षिणेकडे पाय केले, उशाशी दिवा लावला, पंखा पूर्ण वेगात ठेवला. नाशिकला गंगा म्हणजे गोदावरी, हे बाहेरच्या वाचकांसाठी.

६:१० ला मुलगी आली. तिच्या मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो होता. तो तिने भावासमोर धरला आणि पुढचा दीड तास वादात गेला. तिचं म्हणणं थोडक्यात: "दादा, देह आईचा, सही आईची. तू कोण नाही म्हणणारा?" त्याचं म्हणणं: "बाबांना मी अग्नी दिला, आईलाही मीच देणार. तो माझा हक्क आहे. आणि आईने मला एका शब्दाने सांगितलं नाही, हे मी कसं मानू?" यातलं शेवटचं वाक्य खरं दुखणं होतं, आधीची दोन त्याच्यावर घातलेलं पांघरूण.

धाकटा पुण्याहून निघाला होता. अंतर २१० किलोमीटर, चाकण, संगमनेर, सिन्नर करत पाच तास धरायचे. त्याची एकच अट, मी आल्याशिवाय आईला हलवायचं नाही.

कार्डावरचा लँडलाइन बंद निघाला. महाविद्यालयाच्या मुख्य नंबरवरून शरीररचनाशास्त्र विभागापर्यंत पोचायला चार फोन लागले. ७:३० ला नेहमीचे डॉक्टर आले. त्यांनी आजींना १२ दिवसांपूर्वीच तपासलं होतं, त्यामुळे मृत्यूच्या कारणाचा नमुना ४ अ लगेच भरून मिळाला. घरी मृत्यू झाला तर लागतो तो हा ४ अ. रुग्णालयात झाला तर नमुना ४. हा कागद नसेल तर ना महाविद्यालय देह घेतं, ना अमरधामात, म्हणजे स्मशानभूमीत, नोंद होते. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी माणसाला बघितलेलंच नसेल तर ते कारण लिहून द्यायला कचरतात, आणि प्रकरण पोलीस आणि शवविच्छेदनाकडे गेलं की देहदान तिथेच संपतं. अंथरुणावरच्या माणसाकडे डॉक्टरांची फेरी पंधरवड्याला तरी व्हावी, त्याचं हेही एक कारण.

७:५० ला मुलीने नेत्रपेढीला फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न: "पंखा चालू आहे का?" चालू होता, तीन तास. बुबुळ वाऱ्याने सुकतं. पंखा बंद, असेल तर एसी चालू, पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी म्हणजे डोळ्यांकडे रक्त उतरत नाही. एवढं पहिल्या दहा मिनिटांत व्हायला हवं. मुदत सहा तासांची, म्हणजे इथे १०:४० पर्यंत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा असला, मधुमेह असला तरी चालतं. पेढीचे लोक ८:५० ला आले. थोरला तोवर गप्प होता. डोळ्यांच्या संमतीवर त्यानेच सही केली, कारण त्याला आईला अग्नी द्यायचा होता आणि डोळे दिल्याने तो चुकत नव्हता. काम अर्ध्या तासात झालं, थोडं रक्त तपासणीला घेतलं, पापण्या होत्या तशा मिटवल्या. चेहऱ्यात फरक पडला नाही.

देहाचा प्रश्न तसाच उरला.

हक्क कुणाचा?

कायदा काय म्हणतो ते आधी. महाराष्ट्र शरीरशास्त्र अधिनियम १९४९ चा. माणसाने हयातीत लेखी, किंवा शेवटच्या आजारात दोन साक्षीदारांसमोर तोंडी इच्छा सांगितली असेल, तर देह ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे ती व्यक्ती तो संस्थेला देण्याची परवानगी देऊ शकते. भर आहे तो "देऊ शकते" वर. अर्जाने घरच्यांचे हात मोकळे होतात, बांधले जात नाहीत. एकाही सख्ख्याने दारात उभं राहून "नाही" म्हटलं तर गाडी रिकामी परत जाते. भांडणाच्या घरातून देह उचलायला कुठलीच संस्था धजत नाही. मृत्युपत्रात लिहून ठेवल्यानेही काम भागत नाही. देह ही मालमत्ता नव्हे, तो कुणाच्या नावे करता येत नाही, आणि मृत्युपत्र उघडलं जातं बहुधा तेराव्यानंतर.

म्हणून "आईची सही आहे" हा मुलीचा मुद्दा नैतिक म्हणून भक्कम, कायद्याच्या तराजूत हलका. थोरल्याचा "माझा हक्क" कायद्यात चालतो, पण नीतीत त्याला लगेच प्रश्न विचारता येतो.

या वस्तीत हक्क हा शब्द जपून वापरायला हवा. रामकुंडापासून काही मिनिटांच्या चालीवर काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० ला त्याच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाडांनी सांभाळली, आणि तो काही वर्षं चालूनही दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की जन्म हिंदू म्हणून झाला त्याला आपला इलाज नव्हता, पण मरताना आपण हिंदू असणार नाही. आपण कसं मरणार हे माणूस स्वतः ठरवू शकतो, याचा याहून ठळक उच्चार या भागात दुसरा झालेला नाही. लक्षात घेण्यासारखं आहे ते पुढचं. ती घोषणा आणि १९५६ ची नागपूरची दीक्षा यांच्यामध्ये २१ वर्षं गेली. त्या वर्षांत अभ्यास झाला, बोलणं झालं, लाखो माणसं मनाने तयार झाली. जाहीर केलेली इच्छा तडीला न्यायला केवढी मशागत लागते त्याचा हा हिशेब.

दोन्हींत फरकही आहे. देवळाच्या दारात हक्क मागणारा स्वतः उभा असतो, लाठी खातो, पुन्हा उभा राहतो. देहाच्या बाबतीत ज्याचा हक्क, तोच बोलायला उरलेला नसतो. तो हक्क दुसऱ्या कुणाला तरी पाळावा लागतो, आणि जो दुसऱ्याने पाळायचा असतो तो त्याच्यासाठी हक्क नसून कर्तव्य असतो. त्या सकाळी घरातल्या दोघांच्याही तोंडी हक्कच होता. बहीण आईचा हक्क सांगत होती, भाऊ स्वतःचा. कर्तव्याची भाषा घरात आली ती बाहेरून, फोनवरून.

गुरुजींचा प्रश्न

थोरल्याने साडेनऊच्या सुमारास घरच्या उपाध्यायांना फोन केला, पाठिंबा मिळेल या भरवशावर. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि देहदान बरं की वाईट यावर एक शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, "दहाव्याला पिंडापाशी हात जोडून काय बोलणार आहात? तुझी इच्छा पुरी करतो, असंच ना?"

थोरला गप्प झाला. मग त्याने खरा प्रश्न विचारला: अग्नी नाही तर आईला गती कशी मिळणार?

या प्रश्नाला परंपरेत उत्तर आहे, आणि ते आधुनिक सोय म्हणून काढलेलं नाही. परदेशात, पुरात, युद्धात देह हाती लागत नाही तेव्हा पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. त्याला पर्णशरदाह किंवा पालाशविधी म्हणतात. त्यापुढचं दशक्रिया, अकरावा, बारावा सगळं नेहमीसारखं होतं. शिवाय दहन हा सरसकट नियमही नाही. संन्याशाला अग्नी देत नाहीत, अगदी लहान मूल पुरतात, लिंगायतांत आणि नाथपंथीयांत समाधी देतात. आजी ज्यांच्या यात्रेला जायच्या त्या निवृत्तिनाथांची त्र्यंबकला समाधीच आहे. "अग्नीशिवाय गती नाही" असं ठामपणे म्हणणाऱ्याला आधी त्र्यंबकचा रस्ता ओलांडावा लागेल.

पण गुरुजींनी वादाला दिलेलं वळण याहून खोल होतं. आपल्याकडे माणूस जन्मतो तोच ऋण घेऊन: देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. आईला अग्नी देणं हे मुलाचं पितृऋण. ज्ञान पुढे पोचवणं हे ऋषिऋण. जन्मभर पाटी-पुस्तक हाताळलेल्या बाईने आपला देह शिकणाऱ्या पोरांसमोर ठेवायचा म्हटला, तर ती ऋषिऋणच फेडते आहे. म्हणजे हे भांडण धर्म विरुद्ध विज्ञान असं नव्हतंच. एक ऋण मुलाचं, एक आईचं, आणि मुलाचं ऋण फिटायला दुसरी वाट आहे, आईच्याला नाही. ही मांडणी पटली तर थोरल्याला हरल्यासारखं वाटत नाही. वाद मिटतात ते बहुतेक वेळा अशाच जागी, जिथे कुणाला माघार घेतल्यासारखं वाटत नाही.

देवांनी अस्थी मागितल्या आणि दधीचींनी देह ठेवला, ही कथा देहदानाच्या प्रत्येक पत्रकावर असते. तिच्यातली एक बाजू मात्र कुणी सांगत नाही: मागणारे समोर आले होते, कशासाठी हवं ते त्यांनी सांगितलं होतं, आणि दिलेल्याचं वज्र झालं. लपवून ठेवलेलं कार्ड हे दधीचीचं दान नव्हे. आणि देहदान म्हणजे नास्तिकांचं खूळ, हाही समज खोटा. २०१० च्या जानेवारीत ज्योती बसू गेले, त्यांचा देह कोलकात्यात रुग्णालयाला दिला गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत नानाजी देशमुख चित्रकूटला गेले, त्यांचा देह दिल्लीला एम्समध्ये गेला. विचारांनी दोघे दोन टोकांचे होते.

१०:१५ ला थोरल्याने बहिणीला बोलावलं आणि म्हणाला, "दे फोन त्यांना. मी सही करतो. पण पुतळ्याचा विधी मी करणार."

कर्ता एकटा नसतो

आता या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग. महाविद्यालयाने देह घेतला नाही.

विभागातून फोनवर ठरलेले प्रश्न आले. मृत्यूचं कारण? शवविच्छेदन झालं का? एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, क्षय? वजन? अंगावर जखमा? मुलीने बाकीची उत्तरं दिली आणि जखमांपाशी अडखळली. सून म्हणाली, "पाठीला आहे. माकडहाडावर." तळहाताएवढी, खोल, पू धरलेली. त्यांनी फोटो मागवला आणि ११ च्या सुमारास नकार कळवला. शब्द सौम्य होते, पण नकार ठाम.

कारण समजून घेतलं तर राग येत नाही. देह टिकवण्यासाठी मांडीच्या किंवा मानेच्या धमनीतून फॉर्मेलिनचं द्रावण कित्येक लिटर आत सोडतात, ते केशवाहिन्यांतून सगळीकडे पोचतं. सडलेल्या जखमेच्या जागी वाहिन्या तुटलेल्या असतात. द्रावण गळून जातं, आसपासचा भाग नीट टिकत नाही, आणि हाताळणाऱ्यांना संसर्गाचा धोका राहतो. एकेका देहावर मुलांचा गट काही महिने शिकत असतो. खराब होणारा देह घेऊन ना त्यांचं शिकणं होत, ना देहाचा मान राहत.

इथे "आजींचं नशीब" असं म्हणून उसासा टाकता येतो, आणि बहुतेक घरं तेच करतात. गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, निरनिराळी साधनं, वेगवेगळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. त्यापुढे दोनच श्लोकांनंतर म्हटलं आहे की जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. दैवाचा क्रमांक पाचवा आहे, हे आपण बोलताना विसरतो. आधीचे चार तपासावेत, मग त्याच्यावर यावं.

आजी कर्ता होत्या यात शंका नाही. इच्छा त्यांची, अर्ज त्यांचा. साधनं म्हणजे कार्ड, फोन नंबर, ४ अ, गाडी. त्यातला नंबर बंद होता आणि कार्ड लॉकरमध्ये. पण प्रकरण फसलं ते चेष्टांत, म्हणजे हातांनी रोज करायच्या कामात. अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, रात्रीसुद्धा. हवेची गादी लागते. मधुमेह असेल तर जखम चार दिवसांत खोल जाते. या घरात आजींना दिवसातून तीनदा वळवलं जायचं, आणि ते सगळं एकटी सून करत होती. रात्री कुणीच नाही. दोन तासांचा हिशेब तिला कुणी सांगितला नव्हता. हवेची गादी घ्यायचं धाकट्याने फोनवर दोनदा बोलून दाखवलं होतं.

आजींची इच्छा सर्वांत जास्त जिच्या हातात होती, त्या बाईला ती इच्छा माहीतच नव्हती. अर्जावर तिची सही नाही, साक्षीदारांत तिचं नाव नाही, सकाळच्या वादात तिला कुणी विचारलं नाही, आणि जखमेचा प्रश्न आला तेव्हा उत्तर तिच्यापाशी होतं. तिला नऊ वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर जखम टळलीच असती असं नाही. एका बाईच्याने रात्रंदिवस दर दोन तासांनी उठणं होत नाही. पण मग ते काम तिघा भावंडांचं आहे हे तरी उघड झालं असतं. स्वातंत्र्याने केलेली इच्छा दुसऱ्याच्या श्रमावर उभी असते. तो दुसरा कोण हे न बघता केलेली सही अर्धीच राहते.

"यथेच्छसि तथा कुरु", तुला वाटेल तसं कर, हे त्याच अध्यायातलं वचन स्वातंत्र्याची सनद म्हणून सांगितलं जातं. त्याच्या आधीचा चरण सोडून देतात: हे सगळं नीट विचारात घे, आणि मग. विमृश्य, म्हणजे घोळवून, उलटसुलट पाहून. आजींनी विचार केला होता, तो एकटीने. थोरल्याला लागेल म्हणून त्याला वगळणं हे प्रेमाने झालं, तरी त्यात त्याच्याबद्दलचा अविश्वास होताच, आणि तोच त्या सकाळी वादाच्या रूपाने परत आला. सांगितलं असतं तर तो वर्षभर रुसला असता, मग विसरला असता. रुसवा फुगवा काढायला हयातीत वेळ असतो. मेल्यावर सहा तास.

अर्ज कसा असावा

या प्रकरणावरून अर्जाच्या बाबतीत जे हाती लागतं ते असं. साक्षीदारांपैकी एक जण तोच घ्यावा ज्याचा विरोध होण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. आधीच पटलेल्याची सही फुकट जाते. दुसरा वयाने लहान असावा, नाहीतर साक्षीदारच आधी जातो. दिवसरात्र जो जवळ असतो, सून असो, जावई असो की पगारी मदतनीस, त्याला कार्ड कुठे आहे आणि पहिला फोन कुठे करायचा हे पाठ असावं. कार्ड लॉकरमध्ये नको. औषधांच्या डब्यात किंवा फ्रिजच्या दारावर. दर दिवाळीला नंबर लावून बघायचे, लागतो की नाही.

महत्त्वाची आहे ती दुसरी पसंती, आणि ती जवळजवळ कुणी लिहीत नाही. देह नाकारला जाऊ शकतो: शवविच्छेदन, संसर्ग, जखमा, फार स्थूल किंवा फार खंगलेलं शरीर, उशीर. तसं झालं तर काय करायचं? डोळे द्यायचे का? दहन लाकडावर की विद्युतदाहिनीत? दिवस घालायचे की नाहीत? देह दिला तर अस्थी सहसा परत मिळत नाहीत. तेव्हा रामकुंडावर काय करायचं, पुतळा की नुसता संकल्प? याची चार ओळीत उत्तरं लिहून ठेवली तर मुलांना अपराधी वाटत नाही. नाकारलेल्या देहदानानंतर घरातली माणसं एकमेकांवर जे ढकलतात, ते या चार ओळींअभावी. उपाध्याय ठरलेले असतील तर त्यांच्याही कानावर घालावं. बहुतेक गुरुजी समजून घेतात, फक्त ऐनवेळी फोन करून पेचात पकडू नये.

पैशांचा कुठेही संबंध नाही. महाविद्यालय देत नाही, घेत नाही. गाडी काही ठिकाणी ते पाठवतात, काही ठिकाणी घरच्यांनी करायची, हे आधी विचारून ठेवावं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत महापालिकेत करायची, देहदान झालं तरी.

दहावा

धाकटा ११:४५ ला पोचला. दुपारी पंचवटीच्या अमरधामात दहन झालं, साधारण ३०० किलो लाकूड, थोरल्याने अग्नी दिला. पुतळ्याची गरज उरली नाही. त्याला जे हवं होतं ते मिळालं, आणि ते आता त्याला नको होतं.

दहाव्याला पिंड मांडला. कावळे आले, कठड्यावर बसले. वीस मिनिटं झाली. गुरुजींनी मान वर करून दोघा भावांकडे पाहिलं. धाकटा म्हणाला, "आई, घर सांभाळू." काही नाही. थोरला हात जोडून उभा राहिला, त्याला शब्द सुचेना. देह दिला म्हणावं तर दिला नव्हता, देतो म्हणावं तर उरला नव्हता. मागे बायकांत उभी असलेली सून दोन पावलं पुढे आली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आई, डोळे दिलेत हो. दोघांना लागतील." गुरुजींनी तिला मागे व्हायला सांगितलं नाही.

कावळा थोड्या वेळाने उतरला. शेजारच्या पिंडाभोवतीची गर्दी तेव्हाच पांगली होती, तेही कारण असेल.

पुढे मुलीने स्वतःचा अर्ज भरला, साक्षीदार म्हणून तिने थोरल्या भावाला घेतलं. त्याने सही केली. स्वतःपुरता मात्र त्याने अर्ज भरला नाही. त्याला अग्नीच हवा आहे, आणि तो त्याचा निर्णय. एका वहीत त्याने लिहून ठेवलं आहे: डोळे द्या, देह अमरधामात न्या, लाकूड नको, विद्युतदाहिनी चालेल, दिवस रामकुंडावर. खाली मुलाची आणि बायकोची सही, नेत्रपेढीचा नंबर, तारीख. वही देव्हाऱ्याखालच्या खणात आहे, आणि ती तिथे आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे.